यझ्द : भूमिगत जलावर पोसलेले नगर

इराणच्या नकाशावर देशाच्या मध्यभागी दोन विस्तीर्ण वाळवंटे दिसतात. उत्तरेकडील दश्त-ए-कवीर हे खाऱ्या दलदलीचे व मिठाच्या कवचाचे वाळवंट होय. आग्नेयेकडील दश्त-ए-लूत हे वाळूचे व उघड्या खडकांचे. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर, यझ्द हे प्राचीन नगर वसलेले आहे. उन्हाळ्यात येथील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. हिवाळ्यातील रात्री पाणी गोठविणाऱ्या असतात. वर्षभरात पडणारा पाऊस सरासरी ६० मिलिमीटरही भरत नाही. आषाढातील एखाद्या जोरदार दिवशी मुंबईवर याहून अधिक पाणी कोसळते. नगराला नदी नाही, तळे नाही, जवळपास बारमाही ओढादेखील नाही. असे असूनही येथे किमान दीड हजार वर्षे अखंड वस्ती आहे, आणि आज त्या वस्तीत पाच लाखांहून अधिक माणसे राहतात. हे पाणी येते कोठून?

नगराच्या नैर्ऋत्येस शीरकूह नावाचा पर्वत आहे. त्याचे शिखर ४,००० मीटरहून उंच असून हिवाळ्यात त्यावर हिम साचते. वसंतात ते वितळू लागले की पाणी उतारावरून खाली येते. परंतु पायथ्याशी गोटे, वाळू व माती यांचे पंख्याच्या आकाराचे जाड थर पसरलेले आहेत, त्यांत ते मुरून जाते. पृष्ठभागावर राहिले असते तर उन्हाने ते केव्हाच उडून गेले असते. जमिनीखाली मात्र ते सुरक्षित राहते. अडचण इतकीच की जेथे पाणी आहे तेथे शेतीयोग्य सपाटी नाही, आणि जेथे सपाटी आहे तेथे पाणी फार खोल आहे. या अडचणीवर इराणी माणसाने जो उपाय शोधला त्यास कनात म्हणतात. मराठीत कनात म्हणजे तंबूभोवतीची कापडी भिंत; येथे तो अर्थ घ्यावयाचा नाही. ही कनात म्हणजे भूमिगत कालवा. अफगाणिस्तान व बलुचिस्तान या भागांत तिलाच कारेझ म्हणतात.

कनातीची कल्पना सोपी आहे. ती प्रत्यक्षात आणणे मात्र अत्यंत कठीण. प्रथम डोंगराच्या पायथ्याशी एक उभी विहीर खणून पाणी लागते किंवा नाही हे पाहतात. पाणी लागले, व काही दिवस उपसूनही टिकले, तर ती ‘मादर चाह’, म्हणजे मातृविहीर, ठरते. या विहिरीतील पाण्याची पातळी नगराच्या जमिनीहून उंच असावी लागते. मग खणण्यास आरंभ होतो तो उलट टोकाकडून. जेथे पाणी उघड्यावर आणावयाचे तेथून डोंगराच्या दिशेने एक बोगदा खणीत नेतात. त्याला अगदी किंचित चढ देतात. साधारणतः हजार मीटर अंतरात एखादा मीटर. चढ अधिक झाला तर वेगाने वाहणारे पाणी बोगद्याचा तळ खरवडून काढते. कमी झाला तर गाळ साचून मार्ग बुजतो. बोगद्याच्या वाटेवर ठराविक अंतरांनी उभ्या विहिरी खणलेल्या असतात. त्यांतून माती वर काढली जाते व कामकऱ्यांना हवा मिळते. वर काढलेली माती विहिरीच्या तोंडाभोवती कडे करून टाकतात; त्यामुळे क्वचित येणाऱ्या पुराचे पाणी आत शिरत नाही. विमानातून पाहिले असता ही मातीची कडी वाळवंटात एका ओळीत मांडलेल्या वारुळांसारखी दिसतात. बोगदा पाणी असलेल्या थरात शिरला की ते झिरपून आत येते, आणि पुढे केवळ गुरुत्वाकर्षणाच्या जोरावर मैलोगणती वाहत राहते. ना बैल, ना मोट, ना इंधन.

हे काम करणाऱ्या कारागिरास मुकन्नी म्हणतात. ही विद्या बहुधा पित्याकडून पुत्राकडे येते. आखूड दांड्याची कुदळ, लहान फावडे, चामड्याची बादली व वरच्या तोंडाशी बसविलेला लाकडी रहाट, एवढीच त्याची आयुधे. बोगदा सरळ रेषेत जात आहे की नाही हे तो मागे ठेवलेल्या दोन दिव्यांवरून ताडतो: दोन्ही ज्योती एकामागे एक दिसल्या तर दिशा बरोबर. तोच दिवा त्याला हवेचीही वार्ता देतो. ज्योत मंदावली की वर जाण्याची वेळ झाली. माती ठिसूळ असेल तेथे भाजलेल्या मातीची लंबवर्तुळाकार कडी बसवून छत सावरले जाते. तरीही दरड कोसळणे, अकस्मात पाणी फुटणे, हवा कोंडणे ही संकटे नित्याचीच. मुकन्नी पांढरी वस्त्रे घालून खाली उतरतो. अंधारात पांढरा रंग दिसावा हा त्याचा एक उपयोग; प्रसंग ओढवल्यास तेच वस्त्र कफनाच्या कामी यावे, हा दुसरा उपयोग लोक सांगतात.

ही विद्या किती जुनी, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील ग्रीक इतिहासकार पॉलिबिअस याने इराणातील या भूमिगत कालव्यांचे वर्णन केले आहे. कोरड्या जमिनीवर जो कोणी पाणी आणील त्याला त्या जमिनीचा उपभोग पाच पिढ्यांपर्यंत घेता येत असे, असे तो नोंदवितो. एवढ्या खर्चाचे व कष्टाचे काम अंगावर कोणी का घेतले असेल, याचा उलगडा त्यावरून होतो. अकराव्या शतकाच्या आरंभी अल-करजी या गणितज्ञाने गुप्त जलाच्या शोधाविषयी अरबी भाषेत स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्यात पाण्याच्या खुणा, समतलमापनाची उपकरणे आणि कनातीची दुरुस्ती यांचे विवेचन आहे.

यझ्द नगरास पाणी पुरविणाऱ्या कनातींत झार्च येथील कनात विशेष प्रसिद्ध आहे. शाखांसह तिची लांबी ७० किलोमीटरहून अधिक भरते आणि तिच्या मार्गावर दोन हजारांहून अधिक विहिरी आहेत. ही कनात नगराच्या मुख्य मशिदीखालून जाते. मशिदीच्या आवारातून पायऱ्यांची एक वाट खोल उतरते. तिला पायाब म्हणतात. अशी पायाबे जुन्या वाड्यांतूनही आढळतात. काही वाड्यांत तर मधले अंगणच एक मजला खाली खणून पाण्याच्या पातळीजवळ नेलेले असते, आणि त्या खोलगट अंगणात डाळिंबाची व अंजिराची झाडे लावलेली असतात. काही कनातींच्या वाटेवर भूमिगत पाणचक्क्याही होत्या; धान्य घेऊन माणसे व जनावरे उतरंडीने जमिनीखाली जात आणि पीठ घेऊन वर येत.

पाणी आणणे हा अर्धाच प्रश्न होय. आणलेले पाणी वाटावयाचे कसे? कनातीचा प्रवाह रात्रंदिवस चालू असतो, त्याला थांबविता येत नाही. म्हणून येथे पाण्याची वाटणी आकारमानाने न होता वेळेने होत असे. एका मोठ्या भांड्यात पाणी भरून त्यात तांब्याची एक वाटी तरंगत सोडीत. वाटीच्या बुडाला बारीक छिद्र असे. त्यातून पाणी आत शिरून वाटी भरली व बुडाली की एक माप झाले. मापे मोजणारा मनुष्य भांड्याशेजारी बसून राही, आणि अमुक वाट्या झाल्या की मीराब, म्हणजे पाणी सोडणारा अधिकारी, प्रवाह दुसऱ्याच्या शेताकडे वळवी. भारतात प्राचीन काळापासून घटिकापात्राने वेळ मोजीत, त्याचेच हे भावंड म्हणावयास हरकत नाही. पाण्याचा हा वाटा वारसाहक्काने येई, विकता येई, भाड्याने देता येई व धर्मकार्यासाठी दानही करता येई. जमीन एकाची आणि पाणी दुसऱ्याचे, ही स्थिती येथे मुळीच विलक्षण नव्हती. खरी संपत्ती पाण्याची. जमीन हवी तेवढी पडली होती.

असे नगर राजकीय उलथापालथीत टिकून राहिले, यात भूगोलाचा वाटा मोठा आहे. यझ्द हे नाव पाचव्या शतकाच्या आरंभी राज्य करणाऱ्या ससानी सम्राट पहिला यझ्दगर्द याच्यावरून आले, असे परंपरा मानते. सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकले. तेराव्या शतकात चंगेझखानाच्या स्वाऱ्यांनी इराणची अनेक नगरे बेचिराख झाली. वाळवंटाच्या आड असलेले यझ्द वाचले, आणि उद्ध्वस्त नगरांतून निघालेले विद्वान व कारागीर तेथे आश्रयास आले. व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो १२७२ च्या सुमारास येथून गेला. येथे विणल्या जाणाऱ्या व नगराच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या रेशमी वस्त्राचा त्याने आवर्जून उल्लेख केला आहे. ती विणकामाची परंपरा तेरमे नामक भारी वस्त्राच्या रूपाने आजही चालू आहे. चौदाव्या शतकात सय्यद रुक्नुद्दीन या धनिक विद्वानाने येथे मशीद, विद्यालय, ग्रंथालय आणि वेळ दर्शविणारे यंत्र यांचा एक समूह उभारला. यंत्र केव्हाच नाहीसे झाले. पण तो मोहल्ला ‘वक्त-ओ-साअत’ म्हणजे काल व घटिका याच नावाने ओळखला जातो. वाट्या मोजून पाणी वाटणाऱ्या नगराला हे नाव शोभून दिसते.

मुख्य मशीद, म्हणजे मस्जिद-ए-जामे, हीही बव्हंशी चौदाव्या शतकातील. तिचे उंच प्रवेशद्वार निळ्या कौलांच्या नक्षीने मढविलेले असून त्यावरचे दोन मनोरे सुमारे ५० मीटर उंचीवर पोहोचतात. भोवतालचे सारे नगर मातीच्या रंगाचे. त्यात ही निळाई दुरूनही डोळ्यांत भरते. पंधराव्या शतकात तैमूरवंशीय राजवटीचा सुभेदार अमीर चख्माक याने चौक, मशीद व इतर इमारती बांधल्या. त्या चौकातील कमानींचा तीन मजली दर्शनी भाग, जो आज यझ्दची ओळख म्हणून सर्वत्र छापला जातो, तो मात्र बराच नंतरचा आहे.

तथापि यझ्दचे खरे वास्तुवैभव त्याच्या साध्या घरांत आहे. जुन्या नगरातील भिंती कच्च्या विटांच्या व पेंढा घातलेल्या मातीच्या आहेत. जाड मातीची भिंत दिवसाची उष्णता हळूहळू शोषते आणि रात्री हळूहळू सोडते. त्यामुळे भर दुपारी आतील खोली थंड राहते. गल्ल्या अरुंद व वळणाच्या असून जागोजाग वरून कमानी टाकल्या आहेत, म्हणजे माणूस सावलीतून चालतो आणि वाळूचे वादळ सरळ घुसत नाही. घराच्या दक्षिण बाजूच्या खोल्या उत्तरेकडे तोंड करून असतात, त्या उन्हाळ्याच्या. समोरच्या, ज्यांत हिवाळ्याचे तिरपे ऊन शिरते, त्या हिवाळ्याच्या. ऋतू पालटला की कुटुंब अंगण ओलांडून दुसऱ्या बाजूस राहावयास जाई.

छपरांवर दिसणारे उंच चौकोनी वा अष्टकोनी मनोरे म्हणजे बादगीर, वारा पकडणारे. मनोऱ्याच्या माथ्याजवळ सर्व बाजूंना उभ्या फटी असतात आणि आतील पोकळी पातळ पडद्यांनी कप्प्यांत विभागलेली असते. ज्या बाजूने वारा येतो तेथे हवेचा दाब वाढून ती कप्प्यातून खाली ढकलली जाते. विरुद्ध बाजूस दाब कमी होऊन घरातील उष्ण हवा वर खेचली जाते. खाली उतरणारी हवा बहुधा एका हौजावरून जाते (आपला हौद तो हाच) आणि तेथील पाण्याचे बाष्पीभवन होताना ती उष्णता गमावते. माठातील पाणी ज्या तत्त्वाने गार होते तेच तत्त्व येथे हवेला लावलेले आहे. वारा पडलेला असला तरी बादगीर निरुपयोगी ठरत नाही. उन्हाने तापलेल्या मनोऱ्यातील हवा हलकी होऊन वर निघून जाते व घरातली हवा हलती राहते. शेजारच्या अर्दकान गावात बादगीर बहुधा एकाच दिशेस उघडे असतात, कारण तेथे चांगला वारा एकाच बाजूने येतो. यझ्दमध्ये ते चहूकडे उघडतात. गवंड्याने आपल्या गावाचा वारा पारखूनच मनोरा बांधला, हे यावरून उघड होते. अठराव्या शतकात मुहम्मद तकी खान या सुभेदाराने वसविलेल्या दौलताबाद बागेतील बादगीर सुमारे ३३ मीटर उंच आहे.

याच विद्येची दोन भावंडे म्हणजे आब-अंबार आणि यखचाल. पन्हाळगडावरील अंबरखाना ज्यांनी पाहिला असेल त्यांना अंबार शब्द परका वाटणार नाही. तो धान्याचा साठा, हा पाण्याचा. जमिनीत खोल खणलेल्या टाकीवर घुमट आणि घुमटाभोवती बादगीर, अशी आब-अंबाराची रचना असते. एका प्रसिद्ध आब-अंबारास तर सहा बादगीर आहेत. टाकीच्या भिंतींना चुना, माती, राख इत्यादींच्या मिश्रणाचा जलरोधक गिलावा दिलेला असतो. यखचाल म्हणजे बर्फाची खाण. मैबुद या जवळच्या गावातील यखचाल आजही उभे आहे. हिवाळ्याच्या रात्री उंच भिंतीच्या उत्तरेस असलेल्या उथळ खाचरांत पाणी सोडीत. वाळवंटातील निरभ्र व कोरड्या आकाशाकडे उष्णतेचे प्रारण इतके जलद होते की पाणी गोठून जाई. दिवसा भिंतीची सावली त्या बर्फाचे रक्षण करी. तयार झालेला बर्फ फोडून जाड भिंतींच्या घुमटाखालील खड्ड्यात साठवीत, आणि तो उन्हाळ्यात बाहेर निघे.

यझ्दचे नाव भारतात, विशेषतः मुंबई-पुण्याकडे, आणखी एका कारणाने जवळचे आहे. अरबी विजयानंतर झरथुष्ट्राच्या अनुयायांपैकी काही समुद्रमार्गे गुजरातेत आले, ते पारशी. जे मागे राहिले त्यांच्यापैकी पुष्कळांनी यझ्द व किरमान या वाळवंटी प्रदेशांचा आसरा घेतला. त्यांची स्थिती शतकानुशतके हलाखीची होती. जिझिया कर आणि नाना निर्बंध त्यांच्यावर लादलेले होते. १८५४ साली मुंबईच्या पारशी समाजाने मानेकजी लिमजी हातारिया यांना इराणात पाठविले. त्यांनी तेथे शाळा काढल्या, पडक्या धर्मस्थळांची डागडुजी केली आणि दरबारी अनेक वर्षे खटपट केली. १८८२ साली शहा नासिरुद्दीन याने झरथुष्ट्री प्रजेवरील जिझिया रद्द केला. पुढे यझ्दच्या आसपासच्या खेड्यांतून पुष्कळ कुटुंबे मुंबईस आली, आणि त्यांच्यातील उद्योगी माणसांनी नाक्यानाक्यावर चहाची दुकाने थाटली. ‘इराण्याचे हॉटेल’ हा मराठी शब्दप्रयोग रूढ झाला तो यांच्यामुळे. यझ्दमधील आताशबेहराम हे अग्निमंदिर १९३४ साली भारतीय पारशांच्या अर्थसाहाय्याने उभे राहिले. त्यातील अग्नी इसवी सन ४७० पासून, स्थळे बदलीत परंतु न विझता, तेवत आहे अशी श्रद्धा आहे. नगराबाहेरच्या टेकड्यांवरील दख्मे, म्हणजे मृतदेह ठेवण्याचे वर्तुळाकार बुरूज, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वापरातून गेले. अर्दकानच्या पलीकडे उघड्या डोंगरकड्यात चक-चक नावाचे तीर्थ आहे. कड्यातून थेंब-थेंब पाणी ठिबकते, त्या आवाजावरूनच ते नाव पडले. दरवर्षी जूनच्या मध्यास तेथे यात्रा भरते.

भारतात कनातीची विद्या कोठे आली असेल तर ती दख्खनच्या वाटेवर. बऱ्हाणपुरातील कुंडी भंडारा मोगल सुभेदार अब्दुर्रहीम खानखानान याच्या काळात, १६१५ च्या सुमारास, इराणी जाणकाराच्या मदतीने तयार झाला. मलिक अंबरने खडकी नगरास, म्हणजे नंतरच्या औरंगाबादेस, पाणी देण्यासाठी बांधलेली नहर-ए-अंबरी याच कुळातली.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून इराणात खोल विहिरी आणि त्यांवरील यांत्रिक पंप झपाट्याने वाढले. यंत्राने पाणी मिळणे सोपे झाले, हे खरेच. कित्येकांच्या शेतात प्रथमच पुरेसे पाणी आले. परंतु कनात आणि पंप यांत एक मूलभूत भेद आहे. कनातीला डोंगरातून जेवढे पाणी येते तेवढेच मिळते. हिमवर्षाव कमी झाला, भूजलपातळी खाली गेली, की तिचा प्रवाह आपोआप रोडावतो आणि माणसाला आपली गरज आवरावी लागते. पंप असा थांबत नाही. पाणी खाली गेले तर नळी आणखी खाली सोडता येते. यझ्दच्या परिसरात नेमके हेच घडले. उपसा वाढला, पातळी घसरली, आणि तीच पातळी गाठण्यासाठी शतकांपूर्वी खणलेले बोगदे एकामागून एक कोरडे पडले. रिकाम्या झालेल्या थरांमुळे काही मैदानांत जमीनही खचू लागली. बोगदा एकदा कोरडा पडला की त्याची देखभाल थांबते; आणि देखभाल थांबली की मुकन्नीच्या मुलास ती विद्या शिकण्याचे कारण उरत नाही.

याच काळात नगर वाढले, पोलाद व कौले यांचे कारखाने आले. तहान भागविण्यासाठी विसाव्या शतकाच्या अखेरीस इस्फहानच्या झायंदेरूद नदीचे पाणी शेकडो किलोमीटर लांब नळाने यझ्दला आणण्यात आले. त्या नदीत स्वतःचे पाणी पुरेसे नव्हतेच. कारून नदीच्या उगमाकडील पाणी डोंगराखालच्या बोगद्यांतून तिच्यात वळविलेले होते. अवर्षणाच्या वर्षी झायंदेरूदचे पात्र इस्फहानच्या खाली कोरडे पडते. आपली शेते वाळत असता नदीचे पाणी दुसऱ्या प्रांतास का द्यावे, असा तेथील शेतकऱ्यांचा सवाल आहे. २०१३ साली त्यांनी यझ्दकडे जाणारा नळ फोडला. नगराचे पाणी काही काळ तुटले आणि टँकर फिरवावे लागले. वाटीने पाणी मोजणाऱ्या व्यवस्थेत वाटेकरी एकमेकांस ओळखीत असत, एकाच भांड्याभोवती बसत. नळाच्या दोन टोकांना राहणाऱ्या माणसांची तशी गाठ कधी पडत नाही.

जुन्या विद्येकडे लक्ष वळले ते याच सुमारास. २००० साली यझ्दमध्ये एका व्यापाऱ्याच्या जुन्या वाड्यात जलसंग्रहालय उघडले. मुकन्नीची कुदळ, रहाट, दिवे व पाणी मोजण्याच्या वाट्या तेथे मांडल्या आहेत. पुढे युनेस्कोच्या सहकार्याने कनातींच्या अभ्यासाचे आंतरराष्ट्रीय केंद्र याच नगरात स्थापन झाले. २०१६ साली इराणातील ११ कनाती जागतिक वारशाच्या यादीत आल्या; त्यांत झार्चची कनात आहे. २०१७ साली यझ्दचे जुने नगरही त्या यादीत समाविष्ट झाले. त्यानंतर अनेक ओसाड वाड्यांची दुरुस्ती होऊन तेथे प्रवाशांची निवासस्थाने निघाली.

त्या ११ कनातींपैकी दुसरी एक, हसनाबाद-ए-मुशीर नावाची, यझ्दच्या दक्षिणेस मेहरीझच्या बाजूने येते आणि वाहती आहे. मेहरीझ येथे ती पहलवानपूर बागेत उघड्यावर येते. सरळ पाटातून, चिनार वृक्षांच्या सावलीखालून, घराच्या मधल्या दालनातून ती पलीकडे निघते. बागेला त्या पाण्याचा गारवा मिळतो, आणि पाणी पुढे हसनाबादच्या शेतांकडे जाते.